दीड हेक्टरचा दरवाजा

दीड हेक्टर. दोनशे वर्षांहून अधिक काळ जपानने युरोपसाठी उघडी ठेवलेली जमीन एवढीच होती. नागासाकीच्या बंदरात समुद्रात भराव घालून बांधलेले, पंख्याच्या आकाराचे एक बेट. त्याचे नाव देजिमा. दक्षिणेची कड २३३ मीटर, उत्तरेची १९० मीटर आणि दोन्ही बाजू ७०-७० मीटर. सगळे मिळून क्रिकेटच्या एखाद्या मोठ्या मैदानाएवढे. अठराव्या शतकात जपानची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास होती. एवढ्या माणसांच्या देशाचा युरोपशी असलेला सगळा रीतसर व्यापार या तुकड्यावरून चालत होता. डच व्यापारी इथे १६४१ मध्ये आले आणि त्यांची वखार १८५९ पर्यंत राहिली, म्हणजे २१८ वर्षे.

या बेटाचे आकडे मांडले की दोन थक्क करणारे हिशेब हाती येतात. एक चांदी-तांब्याचा, दुसरा ज्ञानाचा. पण दोन्हींची सुरुवात देजिमावर झाली नाही, ती झाली हिरादोला.

हिरादो : ९१ वर्षांचे बंदर

हिरादो हे क्यूशूच्या वायव्य टोकाजवळचे बेट. आज ते ६६५ मीटर लांबीच्या लाल झुलत्या पुलाने मुख्य भूमीला जोडलेले आहे. संपूर्ण हिरादो शहराची लोकसंख्या तीस हजारांच्या आत आहे. सोळाव्या शतकात मात्र पूर्व आशियातले व्यापारी, चाचे, धर्मोपदेशक आणि सरदार अशा सगळ्यांना हे नाव ठाऊक होते.

१५५० मध्ये पहिले पोर्तुगीज जहाज इथे लागले. गोव्याहून पूर्वेकडे निघालेले फ्रान्सिस झेवियर त्याच वर्षी हिरादोला आले. ज्यांचे शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमध्ये आहे, तेच हे झेवियर. पुढे लिस्बनचा जपानशी होणारा व्यवहार गोवा आणि मकाव या थांब्यांवरून होऊ लागला. १५६१ मध्ये कापडाच्या सौद्यावरून हिरादोत भांडण पेटले आणि कप्तानासह १४ पोर्तुगीज मारले गेले. त्यानंतर पोर्तुगिजांनी हिरादोकडे पाठ फिरवली आणि १५७१ पासून त्यांची जहाजे नागासाकीला जाऊ लागली.

डचांच्या आगमनाचा हिशेब ऐकला की अंगावर काटा येतो. १५९८ मध्ये रॉटरडॅमहून पाच जहाजे निघाली. त्यांपैकी फक्त एक, लिफ्ड, एप्रिल १६०० मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले. प्रवासाला जवळजवळ बावीस महिने लागले होते. जहाजावर सुरुवातीला शंभराहून अधिक खलाशी होते, पोहोचताना जिवंत राहिले जेमतेम दोन डझन. त्यांतला एक इंग्रज सुकाणूदार, विल्यम ॲडम्स, पुढे जपानचा लष्करी शासक, म्हणजे शोगुन, तोकुगावा इएयासू याचा सल्लागार झाला आणि १६२० मध्ये हिरादोतच वारला. १६०९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने हिरादोत वखार उघडली. १६१३ मध्ये इंग्रज आले. इंग्रजांची वखार दहा वर्षेच टिकली आणि त्या दहा वर्षांत लंडनहून थेट माल घेऊन आलेली जहाजे केवळ चार. १६२३ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. त्यांचा वखारप्रमुख रिचर्ड कॉक्स याने १६१५ मध्ये हिरादोत रताळी लावली होती, ही त्याच्या मुक्कामातली सुखाची नोंद.

याच बंदरात १६२४ मध्ये एका चिनी दर्यावर्दी व्यापाऱ्याला जपानी पत्नीपासून मुलगा झाला. हाच पुढचा कोक्सिंगा. १६६१ मध्ये सुमारे २५,००० सैनिक घेऊन तो तैवानवर उतरला आणि नऊ महिन्यांच्या वेढ्यानंतर त्याने डचांना तिथून हुसकून लावले.

गोदामावर कोरलेले एक साल

१६३७-३८ मध्ये शिमाबारा इथे शेतकऱ्यांचा आणि ख्रिश्चनांचा उठाव झाला. शोगुनच्या सांगण्यावरून हिरादोच्या डचांनी आपले जहाज उभे करून बंडखोरांच्या किल्ल्यावर पंधरा दिवसांत ४२६ तोफगोळे डागले. बंड मोडले गेले. किल्ल्यातली सुमारे ३७,००० माणसे मारली गेली, असा अंदाज आहे. १६३९ मध्ये पोर्तुगिजांना देशातून हद्दपार करण्यात आले. पुढच्या वर्षी व्यापार पुन्हा सुरू करावा अशी विनंती घेऊन मकावचे शिष्टमंडळ आले. त्यातल्या ६१ जणांची मुंडकी उडवण्यात आली, आणि झाली गोष्ट मकावला सांगण्यासाठी १३ जणांना जिवंत परत पाठवण्यात आले.

डच वाचले, पण हिरादोत राहिले नाहीत. त्यांनी १६३९ मध्ये दगडी गोदाम बांधले होते आणि त्यावर इसवी सनाचे साल कोरले होते. १६४० मध्ये शोगुनच्या अधिकाऱ्याने नेमके हेच कारण पुढे केले. ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजलेले साल जपानच्या भूमीवर नको होते. वखारप्रमुख फ्रान्स्वा कारॉनने वाद न घालता इमारत पाडायला घेतली. १६४१ मध्ये वखार नागासाकीला, देजिमावर हलवण्यात आली. हिरादोचा परदेशी व्यापार ९१ वर्षांनी संपला.

भाड्याचे बेट

देजिमा मुळात पोर्तुगिजांना वेगळे ठेवण्यासाठी १६३४ ते १६३६ या काळात बांधले गेले. पैसा घातला नागासाकीच्या २५ व्यापाऱ्यांनी. खर्च आला २०० कानमे चांदी. एक कानमे म्हणजे ३.७५ किलो, म्हणजे ७५० किलो चांदीत समुद्रातून एक बेट उभे राहिले. पोर्तुगिजांकडून वर्षाला ८० कानमे भाडे ठरले होते. डच आले तेव्हा त्यांनी ते ५५ कानमेपर्यंत उतरवून घेतले. त्या दरानेही वर्षाला २०६ किलो चांदी होते. म्हणजे बांधणीचा सगळा खर्च चार वर्षांच्या आत वसूल! हाच दर कायम धरला तर २१८ वर्षांचे भाडे ४५ टन चांदीच्या आसपास जाते. दीड हेक्टर भरावाच्या जमिनीला इतके मोल देणारा भाडेकरू जगात विरळाच मिळेल.

आता माणसांचा हिशेब. १६०२ पासून जवळजवळ दोन शतकांत डच कंपनीने सुमारे दहा लाख युरोपीय माणसे आशियात पाठवली. देजिमावर मात्र एका वेळी राहत ते साधारण दहा-पंधरा जण. शहराकडे जाणारा पूल एकच, आणि परवानगीवाचून तो ओलांडता येत नसे. या मूठभर परक्यांभोवती दुभाषे, पहारेकरी, कारकून, स्वयंपाकी आणि अधिकारी असा शेकडो जपानी माणसांचा गोतावळा होता.

१६४१ ते १८४७ या काळात देजिमाला ६०६ डच जहाजे आली. सुरुवातीला वर्षाला सरासरी सात यायची, १७१५ नंतर दोनच, आणि १७९० पासून काही वर्षे तर एकच. तीन कोटींचा देश आणि वर्षाला एक युरोपीय जहाज! प्रत्येक जहाजात सरासरी ६०० टन माल होता असे धरले, तर दोन शतकांचा सगळा माल ३ लाख ६४ हजार टन भरतो. आजच्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांपैकी एकेक दोन लाख टनांहून अधिक भार वाहते. म्हणजे देजिमाचा दोनशे वर्षांचा सारा डच व्यापार अशा दोन जहाजांत मावेल.

चांदी गेली, तांबे गेले

माल थोडा, पण मोल अफाट. आत यायचे ते चीनचे आणि बंगालचे रेशीम, गुजरात आणि कोरोमंडलचे कापड, साखर, हरणाची कातडी. बाहेर जायची आधी चांदी, मग सोने आणि शेवटी तांबे. जपानचे तांबे डच कंपनी सुरतेत, कोरोमंडलात आणि बंगालात विकत असे.

शोगुनचा विद्वान सल्लागार आराई हाकुसेकी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या गळतीचा हिशेब मांडला. त्याच्या अंदाजाने आधीच्या शंभरेक वर्षांत देशाबाहेर गेले ७१ लाख ९२ हजार ८०० ऱ्यो (सोन्याची नाणी) आणि ११ लाख २२ हजार ६८७ कानमे चांदी. चांदीचा हा आकडा आजच्या मापात ४,२०० टनांहून अधिक होतो. तांब्याची मोजणी त्याला शेवटच्या सेहेचाळीसेक वर्षांचीच करता आली, आणि ती ११ कोटी किनांच्या पुढे गेली. एक किन ६०० ग्रॅमचा, म्हणजे ६६,००० टनांहून जास्त तांबे. देशातले एक चतुर्थांश सोने आणि तीन चतुर्थांश चांदी गेली, असा त्याचा निष्कर्ष होता. याच गतीने आणखी शंभर वर्षे गेली तर निम्मे सोने जाईल आणि चांदी त्याआधीच संपेल, असे त्याने बजावले. या हिशेबात डचांपेक्षा चिनी व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता, हेही ध्यानात घ्यायला हवे.

हाकुसेकीच्या मांडणीवरून १७१५ मध्ये कडक नियम आले. चिनी जहाजे वर्षाला ३०, त्यांचा व्यवहार ६,००० कानमे. डच जहाजे २, त्यांचा व्यवहार ३,००० कानमे आणि तांबे १५ लाख किन, म्हणजे ९०० टन. दार आणखी चिंचोळे झाले.

आत काय राहिले

इथून दुसरा हिशेब सुरू होतो आणि माझ्या मते तोच मोठा आहे. जहाज आले की डचांना जगातल्या घडामोडींचा वृत्तान्त शोगुनला द्यावा लागे. कोणत्या राजाचे कोणाशी युद्ध, कुठे कोण गादीवर बसले, सगळे दुभाषे जपानीत उतरवत. अमेरिकेचे आरमार येणार ही सूचना १८५२ मध्ये याच वाटेने पोहोचली. अमेरिकन आरमाराचा प्रमुख पेरी याची चार जहाजे एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागरात आली ती पुढच्या वर्षी. वखारप्रमुखाला शोगुनच्या भेटीसाठी एदोला जावे लागे. अशा १६६ वाऱ्या झाल्या. एकेक वारी साधारण नव्वद दिवसांची धरली तर सुमारे चाळीस वर्षे या माणसांनी नुसत्या वाटेवर आणि राजधानीत घालवली. प्रत्येक मुक्कामात जपानी वैद्य, ज्योतिषी आणि जिज्ञासू त्यांना गाठून प्रश्न विचारत.

१७७१ मध्ये एदोत सुगिता गेनपाकू आणि माएनो ऱ्योताकू या वैद्यांनी एका देहाचे विच्छेदन पाहिले. हाती शरीररचनेचे डच पुस्तक होते, आणि त्यातली चित्रे समोरच्या देहाशी तंतोतंत जुळत होती. त्यांनी ते पुस्तक जपानीत आणायचे ठरवले. शब्दकोश नव्हता, शिक्षक नव्हता. गेनपाकूने लिहून ठेवले आहे की मसुदा अकरा वेळा नव्याने लिहावा लागला. १७७४ मध्ये पाच खंडांत ग्रंथ छापला गेला आणि जपानमध्ये पाश्चात्त्य वैद्यकाच्या अभ्यासाला पाया मिळाला.

शेवटचा आकडा सगळ्यांत लहान आहे. १८४९ मध्ये देजिमाचा डॉक्टर ओटो मोनिके याने बटाव्हियाहून (आजचे जकार्ता) आलेल्या खपल्या वापरून तीन मुलांना देवीची लस टोचली. दोघांना ती लागली नाही, एकाला लागली. त्या एका मुलाच्या दंडावरून लस पुढच्या मुलाला, तिथून आणखी पुढच्याला, अशी हातोहात गेली आणि त्याच वर्षी क्योतो आणि ओसाकापर्यंत पोहोचली. ४,२०० टन चांदी जगभर विरून गेली. तीनपैकी एका मुलाला लागलेली लस मात्र एका देशाच्या पिढ्या वाचवायला पुरली.

बंदराची थोरवी जहाजांच्या संख्येत किंवा धक्क्याच्या लांबीत नसते. धक्क्यावर जे उतरते ते ओळखणाऱ्या, लिहून ठेवणाऱ्या आणि शिकून घेणाऱ्या माणसांत ती असते. नागासाकीचे दुभाषे, एदोचे वैद्य आणि रोजनिशी ठेवणारे वखारीचे कारकून हीच देजिमाची खरी कमाई. कंपनीचे जे दप्तर आज जगभरात शिल्लक आहे, ते सुमारे अडीच कोटी पानांचे आहे.

जपानने ही कमाई जपली. विसाव्या शतकाच्या आरंभी भरावात बुजून गेलेले देजिमा नागासाकीने इमारत-इमारत करून पुन्हा उभे केले, आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा पूल जोडला. हिरादोने १६४० मध्ये पाडलेले गोदाम २०११ मध्ये जुन्या जागी उभारले, तेही इसवी सनाच्या सालासकट. त्याच डच कंपनीची एक वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यात होती. तिथून गेलेल्या डच पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या समकालीन नोंदी आहेत. त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही वेंगुर्ल्यात उभ्या आहेत. तिची मोजमापे, तिची पत्रे आणि तिच्या जहाजांचा हिशेब मराठीत यायला हवा, आणि त्या भिंती कोसळण्याआधी सावरल्या गेल्या पाहिजेत. सिंधुदुर्गात जाल तेव्हा समुद्राबरोबर ही वखारही पाहून या, आणि तिच्या जतनासाठी आवाज उठवा.