आजारी बिअर्डेड ड्रॅगन: आधी ऊब, मग अन्न
मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला हा सरडा शरीराची ऊब बाहेरून घेतो. म्हणून तो मलूल पडला, की घशात अन्न कोंबण्याआधी तापमान पाहावे. शेकण्याची जागा सुमारे ४० अंश सेल्सिअस, सावलीची बाजू २५ अंशांच्या आसपास हवी. अंग थंड असेल तर अन्न पचत नाही, पोटातच कुजते. ऊब आल्यावर ओठांवर थेंबथेंब पाणी सोडावे; अन्न त्यानंतर. पाय थरथरणे, जबडा मऊ पडणे ही बहुधा कॅल्शियम किंवा अतिनील-बी किरणे कमी पडल्याची खूण. काचेतून येणारे ऊन ही उणीव भरून काढत नाही. शेकत नसतानाही तो धापा टाकत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे.