गॅक : कर्टोलीची परदेशी बहीण

पावसाळा लागला की सातपुड्यातून बऱ्हाणपूरच्या बाजारात कर्टोली येऊ लागतात. कारले आणि कर्टोली ज्या 'मोमोर्डिका' प्रजातीतील, तिच्यातीलच गॅक हा व्हिएतनाममध्ये घरोघरी आढळणारा वेल. पिकल्यावर त्याचे काटेरी फळ शेंदरी होते. आतील बियांभोवतीचा लालभडक गर भातात मिसळून तेथे नववर्षाला व लग्नात वाढतात. भारतात अंदमानात आणि केरळात हा वेल लावला जातो.

बालरोगतज्ज्ञाला या फळाचे कुतूहल वाटण्यास कारण आहे. या गरात बीटा-कॅरोटीन व लायकोपीन विपुल असते. शिवाय कॅरोटीनच्या शोषणासाठी लागणारे तेलही त्यातच असते. व्हिएतनाममधील 185 बालकांवरील अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. तीस दिवस गॅकचा भात खाल्लेल्या मुलांच्या रक्तातील बीटा-कॅरोटीन व रेटिनॉल यांचे प्रमाण वाढल्याचे त्यात दिसले.

घरी लावताना मुख्य अडचण अशी, की कर्टोलीप्रमाणे याचेही नर व मादी वेल वेगळे असतात. माझ्या अंगणातील पहिला वेल मांडवभर पसरला, फुललाही. पण तो नर निघाला! बियांपासून लावल्यास फुले येईपर्यंत भेद कळत नाही. म्हणून चार-पाच रोपे लावावीत किंवा खात्रीच्या मादी वेलाचे छाट मिळवावेत. मादी फुलाच्या मागे इवलेसे काटेरी फळ दिसते. नर फुलातील पराग सकाळीच हाताने त्यावर लावावा. भक्कम मांडव, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि आपल्याकडील मे महिन्यातील उन्हापासून सावली आवश्यक आहे.

फळ पूर्ण पिकून मऊ झाल्यावर कापावे. गर बियांपासून वेगळा करून शिजत्या भातात, खिचडीत किंवा शिऱ्यात मिसळावा. त्याला फारशी चव नसते. बिया मात्र विषारी असतात. त्या मोजून काढून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

गाजर, पपई यांप्रमाणे हा गरही रोज भरपूर दिल्यास बालकाचे तळहात पिवळे होऊ शकतात. अशा वेळी डोळे पाहावेत. डोळ्यांतील पांढरा भाग स्वच्छ असेल तर ती बहुधा कावीळ नव्हे. तो पिवळा असेल तर मात्र त्वरित तपासणी करावी.

शेवटी, कोणताही वेल औषधाची जागा घेत नाही. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व 'अ'चे नऊ डोस द्यावयाचे असतात. ते चुकवू नयेत. गॅक मिळाला नाही तरी शेवग्याचा पाला, पिकलेला आंबा, पपई आणि लाल भोपळा आपल्या दारी आहेतच. त्यांच्या जोडीला चमचाभर तेल किंवा तूप असावे. या परदेशी बहिणीकडून घ्यावयाचा धडा तोच आहे.