माल किती कडक असावा?

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज आयुष्यातले पहिले पक्के घर बांधत आहेत. घराण्यात गवंडीकाम, बिगारीकाम पिढ्यान्‌पिढ्या झाले, परंतु स्वतःच्या नावावरची भिंत प्रथमच उभी राहते आहे. अशा वेळी 'सिमेंट जास्त, भिंत पक्की' हा समज घरोघर आढळतो. तो तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण त्यात पैसा जातो आणि पुष्कळदा भिंतही जाते.

विटा जोडणाऱ्या मालाचे काम विटेहून बलवान होणे हे नव्हे. पाया थोडा खचला, उन्हाने भिंत प्रसरण पावली, तर तो ताण कोठेतरी मोकळा व्हावाच लागतो. माल विटेपेक्षा किंचित मऊ असेल तर सांध्यात बारीक भेग पडते आणि ती बुजविता येते. माल अतिकडक असेल तर वीटच फुटते. शिवाय सिमेंट अधिक असलेला माल वाळताना अधिक आकसतो.

म्हणून नऊ इंची भिंतीस एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू हे प्रमाण सामान्यतः पुरते. साडेचार इंची आडभिंत पातळ, तिला एकास चार. दर्जा भरण्यास एकास तीन. पन्नास किलोच्या गोणीत सुमारे ३५ लिटर सिमेंट असते, तेव्हा एकास सहासाठी गोणीमागे सुमारे २१० लिटर वाळू आली. मोजमाप फर्म्याने करावे. फावड्याच्या अंदाजावर विसंबू नये. ओली वाळू फुगते, त्यामुळे तेवढ्याच घमेल्यांत प्रत्यक्ष वाळू कमी येते, हेही ध्यानी असू द्यावे. मातकट वाळू तर प्रमाणच निरर्थक करते. काचेच्या बाटलीत वाळू व पाणी हलवून ठेवावे. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवावी. गवंडी रागावला तरी चालेल.

पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपवावा. आळलेल्या मालात पुन्हा पाणी ओतणे, ही सर्वांत महाग काटकसर. विटा आधी भिजवाव्यात, भिंतीवर किमान सात दिवस पाणी मारावे.

जुन्या दगडी घरांची गोष्ट निराळी. भारतात सिमेंटचे उत्पादन पोरबंदरला १९१४ साली सुरू झाले. त्याआधीचे आपले वाडे, पूल, किल्ले बहुतांशी चुन्यात आहेत. अनेक किल्ल्यांवर चुन्याची घाणी आजही दिसते. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजून, विझवून केलेला चुना हवेतील कर्बवायू शोषीत हळूहळू पुन्हा दगड होतो. काळा पाषाण पाणी शोषीत नाही, म्हणून भिंतीतील ओल सांध्यांतील चुन्यातूनच बाहेर पडते. तेथे सिमेंटने दर्जा भरल्या की ओल आत कोंडते आणि आतला गिलावा पोपडे धरून गळू लागतो. एका परिचित वसतिगृहात ठेकेदाराने असेच केले. पुढच्या दोन पावसाळ्यांत मुलांच्या खोल्यांच्या भिंती खाऱ्या पांढऱ्या झाल्या. जुने सांधे चुन्यानेच भरावेत, वेळ लागला तरी. आजही चुना-वाळूचे काम जाणणारे वयस्क गवंडी गावोगाव आहेत. त्यांना कामावर बोलावताना एखाद्या तरुणास हाताखाली ठेवावे, मजुरी दोघांनाही द्यावी.