काजळी, खळ आणि कव्हर : गॅरेजमधील स्पोर्ट्स कारच्या रंगाची निगा

आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. सर्वांत खाली विद्युत्प्रवाहाच्या साह्याने चढवलेला गंजरोधक थर, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारे प्राइमर, त्यावर प्रत्यक्ष रंगछटा देणारा बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट या नावाने ओळखला जाणारा पारदर्शक थर अशी ही रचना असून, चारही थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा भरते. गाडीची सगळी चकाकी ज्याच्यावर अवलंबून असते आणि उन्हातील अतिनील किरण शोषून जो खालची छटा फिकी पडू देत नाही, तो क्लिअर कोट यांपैकी ३५ ते ५० मायक्रॉनांचा, माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. कारागीर ज्याला ‘रबिंग मारणे’ म्हणतात ती क्रिया म्हणजे बारीक, घासून कापणाऱ्या कणांचा लेप फिरवून या थराचाच वरचा पापुद्रा काढून टाकणे होय. ओरखडा त्यामुळे भरून येत नाही, त्याच्या आजूबाजूची पातळी त्याच्या तळापर्यंत खाली आणली जाते, इतकेच. एका जोरकस रबिंगमध्ये दोन-तीन मायक्रॉन सहज जातात, त्यामुळे एखादी गाडी आयुष्यात किती वेळा नव्यासारखी करता येईल याला मर्यादा आहे. साध्या गाडीच्या बाबतीत ही मर्यादा कोणी मोजत बसत नाही. परंतु स्पोर्ट्स कारच्या किमतीत कारखान्यातील मूळ रंगाला मोठे मोल असते, आणि जाणकार गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजणारे यंत्र प्रत्येक पत्र्याला लावून पाहिल्याशिवाय सौद्याची बोलणी सुरू करीत नाही.

रंगाच्या इतिहासाविषयी थोडक्यात सांगायचे तर, ड्यूपॉन्ट कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या ‘ड्यूको’ या लवकर वाळणाऱ्या नायट्रोसेल्युलोज रंगाने मोटारउद्योगाचा कायापालट केला. तो रंग केव्हाच मागे पडला तरी फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही रंगाला ‘ड्यूको’ म्हणण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. हा लेख ज्या सातारा-सांगली भागाविषयी आहे, त्यातील साताऱ्याचा वाहनांशी संबंधही जुना असून, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या येथील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. देशी स्पोर्ट्स कारचा प्रयत्न म्हणून सॅन मोटर्सच्या ‘स्टॉर्म’ या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीचा उल्लेख करावा लागेल. तिची बॉडी फायबरग्लासची असल्याने तिला गंजाचे भय नव्हते, रंगाचे मात्र इतर गाड्यांइतकेच होते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत रंगाचा विचार वेगळेपणाने करावा लागतो, कारण येथील हवा दर तीस-चाळीस किलोमीटरवर बदलते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटावला तो पाचशेच्या आसपास राहतो. शिराळ्याचे गॅरेज पावसाळ्यात ओल धरते, जतच्या गॅरेजात फुफाट्याशिवाय काही येत नाही. तरीही गाडी छपराखाली उभी केली म्हणजे रंग सुरक्षित झाला, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आढळते. छपरामुळे ऊन, पाऊस आणि पाखरांची शिट टळते हे खरे; पण गॅरेजातल्या गाडीच्या रंगाचे बहुतेक नुकसान मालकाच्या हातातील फडक्याने होते, आणि त्या फडक्याखाली नेमके काय सापडते हे या भागात ऋतुमानावर ठरते.

त्यातील सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे साखर कारखान्याची काजळी. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, पुढे मोळी पडते, म्हणजे गळीत सुरू होते, आणि मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कराड, वाळवा, मिरज या पट्ट्यातील अंगणांत, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि गाड्यांवर पहाटे काळ्या, वजनहीन चिंध्या उतरू लागतात. उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेले चिपाड, निघते आणि तेच कारखान्याचे इंधन असते. रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला दीड हजार टनांच्या आसपास ओला बगॅस तयार होतो. त्यातील निम्मे वजन पाण्याचे धरले आणि उरलेल्या कोरड्या भागातील राख दोन टक्के धरली, तरी दिवसाला पंधरा टन राख होते. तिचा बराचसा भाग बॉयलरच्या तळाशी आणि धुराड्याच्या वाटेवरील धूळरोधक यंत्रणेत अडकतो, पण जो निसटतो तो वाऱ्याबरोबर दूरवर जातो. त्यात शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी मिसळली की दोहोंचा निवाडा करणे अवघड होते.

ही काजळी दिसायला मऊ असते आणि तिची फसवणूक नेमकी येथेच आहे. पांढऱ्या बॉनेटवर बसलेली बोटाच्या पेराएवढी चिंधी फुंकर मारली तर जागची उडते; तीच बोटाने दाबली तर चुरडून तिची काळी रेघ उमटते, आणि ती रेघ पुसल्यानंतर टॉर्चचा झोत तिरका धरून पाहिले तर पुसल्याच्या दिशेने गेलेल्या केसाएवढ्या रेषांचा एक जुडगा चमकताना दिसतो. काळा भाग कोळशाचा, रेषा मात्र सिलिकेच्या. ऊस जमिनीतील विरघळलेली सिलिका मुळांवाटे शोषतो आणि पात्यांच्या, खोडाच्या सालीच्या पेशींत सूक्ष्म काचकणांच्या रूपाने साठवतो. उसाचे पाते तोडणी कामगाराच्या दंडावर रक्ताच्या रेघा ओढते ते त्याच्या काठावरील याच सिलिकेच्या करवती दातांमुळे. बॉयलरच्या आगीत वनस्पतीचा बाकी सगळा भाग जळतो, सिलिका उरते, आणि बगॅसच्या राखेत सर्वाधिक वाटा तिचाच असतो. सिलिका क्लिअर कोटपेक्षा पुष्कळ कठीण आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काचकारखान्याने घरोघरी पोहोचवलेल्या ‘प्रभाकर’ कंदिलाची काजळलेली काच गृहिणी चुलीतल्या राखेने लख्ख करीत आणि तिला काही होत नसे, कारण काचही सिलिकेचीच. गाडीच्या रंगाला तो उपचार सोसत नाही. तेव्हा गळिताच्या हंगामात गाडीवरून कोरडे फडके फिरवणे हा गुन्हाच मानला पाहिजे. काजळी ब्लोअरने किंवा लांबून सोडलेल्या पाण्याच्या धारेने, हात न लावता उतरवावी; तेवढा वेळ नसेल तर ती तशीच राहू द्यावी, कारण नुसती बसून राहिलेली कोरडी काजळी एका दिवसात रंगाचे काही बिघडवत नाही, पुसलेली बिघडवते.

तासगाव भागातील द्राक्षबागांचा उपद्रव निराळा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर केवड्यापासून वेल वाचवण्यासाठी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले जाते, आणि बागेलगतच्या घराच्या उघड्या गॅरेजात त्याचे निळसर ठिपके येऊन वाळतात. हे ठिपके खरवडू नयेत, भरपूर पाण्याने भिजवून सैल करावेत. खडी क्रशरची काळ्या पाषाणाची भुकटी, यवतेश्वर घाट चढून कास पठाराकडे गेलेल्या गाडीला लागणारी जांभ्याची तांबडी धूळ, आणि पुराच्या पाण्याने मागे ठेवलेला गाळ यांनाही हाच नियम लागू पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा पुरातून बाहेर आलेल्या गाड्यांच्या इंजिनांची काळजी सर्वांनी केली. रंगावरचा वाळलेला गाळ मात्र अनेकांनी झाडूने झाडला.

आता कव्हर. बाजारात सर्वाधिक खपणारे चंदेरी, प्लास्टिकचा लेप दिलेले कव्हर उघड्यावरच्या गाडीसाठी ठीक असले तरी गॅरेजात ते निरुपयोगी, किंबहुना घातक ठरते. साताऱ्यात थंडीच्या दिवसांत रात्रीचे तापमान झपाट्याने उतरते, पत्र्याच्या छपराला आतून दव सुटते, आणि ज्यातून वाफ बाहेर पडू शकत नाही अशा कव्हरखाली ती ओल दिवसचे दिवस कोंडून राहते. परिणामी रंगाखाली बारीक फोड येतात, पूर्वी कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तर तेथे हमखास येतात. गॅरेजातल्या कव्हराचे काम पाणी अडवणे हे नसतेच. धूळ झेलणे, पालीची विष्ठा झेलणे आणि हवा खेळती ठेवणे एवढेच त्याने करावे, आणि त्यासाठी सुती कापडासारखे दुसरे काही नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे, मग कृत्रिम धाग्यांची कव्हरे विकणारे काहीही म्हणोत.

मात्र सुती म्हटले की कोणतेही सुती कापड चालत नाही. विटा किंवा इचलकरंजीच्या मागांवरचे कोरे मांजरपाट स्वस्त मिळते, पण त्याच्या ताण्याच्या धाग्यांना विणताना तुटू नयेत म्हणून खळ, म्हणजे स्टार्चची पेज, दिलेली असते आणि ती वाळून धागा ताठ होतो. असे कापड कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, चोळून, खळ पुरती निघेपर्यंत चार-पाच वेळा धुतल्याशिवाय रंगाला लावू नये. त्याहून बरे म्हणजे रंगाकडील बाजूला लवदार फ्लॅनेलचे अस्तर लावून घेणे. शिवणीची उलटी बाजू, गाठी, नाडीची धातूची टोके हे सगळे बाहेरच्या अंगाला यावे, असे शिंप्याला आधीच बजावून सांगावे लागते, कारण त्याच्या शिक्षणात नीटस बाजू नेहमी बाहेर असते आणि येथे ती आत हवी. घरातील जुनी वाकळ गाडीवर टाकण्याची चाल ग्रामीण भागात दिसते. तिची माया कितीही असली तरी तिच्या जाड टाक्यांच्या ओळींत अडकलेली माती ही कानशीच होय. आणि कापड कितीही मऊ असो, ते स्वच्छ व पूर्ण कोरड्या गाडीवरच घालायचे असते. धुळीच्या गाडीवर घातलेले कव्हर प्रत्येक ओढीबरोबर ती धूळ रंगात घासत जाते. काढताना ते जमिनीवर लोळू न देता दोन्ही कडांनी छपराच्या मध्याकडे दुमडत आणावे, म्हणजे वरची बाजू कधीही रंगाला लागत नाही.

धुण्याच्या बाबतीत सांगलीकरांपुढे आणखी एक अडचण आहे. कृष्णाकाठच्या मिरज-वाळवा भागात अतिसिंचनाने पुष्कळ जमीन क्षारपड झाली असून तेथील अनेक बोअरचे पाणीही जड असते, त्यामुळे गाडी धुऊन उन्हात सोडली की थेंब वाळून क्षारांची पांढरी कडी उमटतात. धुलाई सावलीत करावी, दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळण्याचे साधे पाणी, आणि शेवटचे पाणी फिल्टरचे किंवा साठवलेल्या पावसाचे वापरावे. कपड्यांची पावडर सोड्यामुळे वॅक्सचा थर काढून नेते, म्हणून ती वर्ज्य. पुसायला मायक्रोफायबर वापरावा, त्याची शिवलेली किनार कापून टाकावी, आणि तो खाली पडला तर त्या दिवसापुरता बाद समजावा.

वॅक्स, सिरॅमिक कोटिंग आणि पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायचा पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा, यांच्या जाहिराती आता गावोगावी दिसतात. ब्राझीलमधील ताडवृक्षाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा वॅक्स काही आठवडे टिकते, सिरॅमिक त्याहून पुष्कळ अधिक. पण दगडाचा मार सोसण्याइतकी जाडी तिघांत फक्त पीपीएफला असते, आणि खंबाटकी घाटातून वरचेवर जाणाऱ्या बुटक्या नाकाच्या गाडीला निदान पुढच्या भागापुरते ते बसवण्यात अर्थ आहे.

राहता राहिला पाडव्याच्या पूजेचा प्रश्न. हळद-कुंकवाचे गंध बॉनेटवर न लावता काचेवर लावावे, झेंडूचा हार वायपरला बांधून दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवावा, आणि नारळ गाडीपासून दूर फोडावा. एवढे सांगूनही घरातील वडीलधारी मंडळी बॉनेटवर हळदीचे बोट उमटवतातच, आणि हळदीची बाजारपेठ असलेल्या सांगलीत ती हळद चांगल्या रंगाचीच असते. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पांढऱ्या गाडीवरचा पिवळा डाग धुऊन जात नाही आणि घासावासा वाटतो. परंतु हेच द्रव्य प्रकाशाने सहज विटते, आणि बंद गॅरेजात कव्हराखाली त्याला प्रकाशच मिळत नसल्याने ते तेथे अधिक टिकते. अशी गाडी धुऊन तीन-चार दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात उभी केली की डाग बहुधा आपोआप उतरतो. कुंकू कृत्रिम रंगाचे असेल तर मात्र ही युक्ती लागू पडेलच असे नाही, आणि ते ओले असतानाच भरपूर पाण्याने धुऊन टाकणे श्रेयस्कर.