दरीला आडवी गेलेली नदी

नदी दरीच्या लांबीने वाहते, हे शाळकरी पोरही सांगेल. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डोलोरेस नदी एका कड्यातून बाहेर पडते, मांजर आडवे जावे तशी दरी ओलांडते आणि थेट समोरच्या कड्यात शिरते! दरीचे नावच पॅराडॉक्स, म्हणजे विरोधाभास.

ही करामत मिठाची. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथला समुद्र पुनःपुन्हा आटला, मिठाचे जाड थर साचले. त्यांवर गाळाचे खडक चढले. दाबाखाली मीठ मळलेल्या कणकेसारखे सावकाश सरकते; शिवाय ते खडकांहून हलके. ते वर चढले, तसा वरच्या थरांना कमानीसारखा बाक आला. पुढे झिरपत्या पाण्याने माथ्याखालचे मीठ विरघळवले अन् कमान खचून दरी झाली. नदीने मात्र आपली जुनी वाट सोडली नाही.

मीठ अजूनही छळते. दरीतले खारे भूजल डोलोरेसमधून कोलोरॅडो नदीत उतरते आणि खालच्या शेतांना बाधते. म्हणून १९९६ पासून ते उपसून चार किलोमीटरहून खोल विहिरीत दाबले जाऊ लागले. त्यापायी भूकंपाचे हजारो बारीक धक्के बसले. मार्च २०१९ मध्ये ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि पंप थांबवावे लागले.