शेतातला धोटा

‘शटल’ म्हटले की कुणाला बॅडमिंटनचे फूल आठवते, तर कुणाला दोन गावांमध्ये येरझाऱ्या घालणारी रेल्वेगाडी. इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या माणसाला मात्र आधी आठवतो तो मागावरचा धोटा. उभ्या धाग्यांमधून आडवा धागा नेत हा धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो आणि तसाच परत येतो. कडेला पोचला म्हणून तो वळत नाही, तोंड न फिरवताच उलटा निघतो. इंग्रजीत या धोट्यालाच शटल म्हणतात. ट्रॅक्टरच्या दुकानात हल्ली ज्याची चर्चा ऐकू येते, त्या ‘शटल गिअर’चे नावही या येरझारीवरूनच पडले आहे.

बैलांच्या शेतीत मागे जाण्याचा प्रश्न फारसा येत नव्हता. बांधापाशी आले की कासरा ओढायचा, जोडी हातभर जागेत वळायची. ट्रॅक्टरला मात्र वळायला ऐसपैस जागा लागते, आणि आपल्याकडच्या वाटण्या होऊन होऊन लहान झालेल्या शेतांत तीच नेमकी नसते. आता हिशेबच करून पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. समजा, शेत २२० फूट लांब आणि १९८ फूट रुंद आहे. पाच फुटी रोटाव्हेटरने ते काढायचे तर सुमारे ४० पट्टे पडतात, म्हणजे ३९ वेळा वळावे लागते. प्रत्येक वळणाला ट्रॅक्टर एकदा मागे घेऊन पुन्हा पुढे काढायचा म्हटले, तर एका एकरात ७८ वेळा दिशा बदलली. दिवसात पाच एकर झाले, तर हा आकडा चारशेच्या घरात जातो.

जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरवर यातली प्रत्येक खेप म्हणजे एक छोटी कसरत असते. असे बरेच ट्रॅक्टर आठ पुढचे आणि दोन मागचे गिअर असलेले असतात. मुख्य दांड्यावर चार पुढचे आणि एक मागचा गिअर, शिवाय ‘हाय-लो’चा दुसरा दांडा, चार दुणे आठ आणि एक दुणे दोन! ट्रॅक्टर थांबवायचा, क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलमध्ये आणून रिव्हर्सची खाच शोधायची. त्याच वेळी उजव्या हाताने अवजार उचलायचे आणि मान वळवून मागेही बघायचे. ट्रॅक्टरचालकांच्या तोंडून मी मान आणि खांदे दुखण्याच्या तक्रारी नेहमी ऐकतो. त्यांचे मूळ या येरझाऱ्यांतही असावे, असे मला वाटते.

शटलमध्ये केलेय काय, तर मागे जाण्याची सोय मुख्य गिअरपेटीतून काढून स्वतंत्र केली आहे. दोन दातेरी चाके एकमेकांत अडकली की ती उलटसुलट फिरतात, हे आपण घड्याळात पाहिलेले असते. त्या दोघांच्या मध्ये तिसरे चाक घातले, की शेवटच्या चाकाची दिशा पालटते. शटलमध्ये इंजिनाकडून येणाऱ्या ताकदीला असे दोन रस्ते असतात, एक सरळ आणि एक मधल्या चाकातून जाणारा. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा छोटा दांडा पुढे केला की पहिला रस्ता जोडला जातो, मागे केला की दुसरा. मुख्य गिअर होता तिथेच राहतो. म्हणून अशा ट्रॅक्टरवर ‘१२ अधिक १२’ असे लिहिलेले दिसते. जितके गिअर पुढे, तितकेच मागे. डावा हात दांड्यावर, उजवा अवजाराच्या लिव्हरवर, आणि डोळे मोकळे!

यातही दोन जाती आहेत. साध्या, म्हणजे ‘सिंक्रो’ शटलला क्लच दाबावाच लागतो. दाते एकमेकांत बसण्याआधी आतली कडी घासून दोन्ही भागांचा वेग सारखा करते. ‘पॉवर’ शटलमध्ये तेलात बुडालेल्या क्लचच्या दोन जुड्या असतात, एक पुढची आणि एक मागची. तेलाचा दाब एकीवरून काढून दुसरीवर दिला जातो. त्यामुळे दिशा बदलताना पायाने क्लच दाबावा लागत नाही. अर्थात त्याची किंमतही जास्त असते. दिवसभर लोडरने माती किंवा शेणखत भरायचे असेल, तर ती वसूल होते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत ओळीच्या टोकाशी सारखे मागेपुढे व्हावे लागते, तिथे साधे शटलही मोठा आधार वाटते. वर्षभर ट्रॉलीच ओढायची असेल, तर जुनी गिअरपेटी काही वाईट नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दांडा बोटाने हलतो म्हणून ट्रॅक्टरचे वजन काही कमी होत नाही. दोन टनांचा ट्रॅक्टर चालता असताना उलट दिशा जोडली, तर त्याचा सगळा जोर कुणीतरी झेलावा लागतो. सिंक्रो शटलमध्ये तो आतली कडी आणि क्लचप्लेट झेलतात. झिजून करड्या पडलेल्या अशा कड्या मी उघडलेल्या गिअरपेटीत पाहिल्या आहेत. ऐन पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर खोलावा लागणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो. सिंक्रो असेल तर ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच दांडा हलवावा. पॉवर शटल असले तरी वेग आधी कमी करावा.

यंत्र दुरुस्त होते. माणसाचे तसे नसते. पूर्वी रिव्हर्सची खाच शोधण्यात दोन-चार क्षण जात आणि त्यात मागे नजर टाकली जाई. शटलने ते क्षणही वाचवले. खळ्यावर, गोठ्यापाशी, घराच्या अंगणात पोरे ट्रॅक्टरमागे धावत असतात. अवजाराच्या आडोशाला बसलेले मूल चालकाच्या जागेवरून दिसत नाही. म्हणून वाचलेला वेळ मागे बघण्यासाठीच खर्च केला पाहिजे. आणखी एक गोष्ट. पॉवर शटलचे इंजिन बंद झाले की तेलाचा दाब जातो आणि क्लच सुटतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवला आहे म्हणून उतारावर तो उभा राहील, या भरवशावर राहू नये. हँडब्रेक ओढलाच पाहिजे.

ट्रॅक्टर घ्यायला घरातली माणसे निघतात तेव्हा हॉर्सपॉवर, हप्ता आणि टायर यांची चौकशी होते. त्याबरोबर शटल सिंक्रो आहे की पॉवर, हेही विचारावे. आणि ट्रॅक्टर दारात आल्यावर पूजेचा नारळ फोडण्याआधीच घरात एक नियम सर्वांना सांगून टाकावा. डावा दांडा मागे ओढण्यापूर्वी ट्रॅक्टर थांबेल, हॉर्न वाजेल आणि चालक मान वळवून बघेल. मूल दिसत नसेल, तर ते कुठे आहे हे कळेपर्यंत ट्रॅक्टर जागचा हलणार नाही.