घरची ओढ आणि ब्रिस्बेनची यादी

२०१३चा हंगाम संपला आणि ब्रिस्बेन लायन्सच्या पाच पोरांनी एकापाठोपाठ एक क्लबला तेच कळवलं: आम्हाला घरी जायचंय. इलियट यो पर्थचा, जॅरेड पोलेक ॲडलेडचा, तर सॅम डोकर्टी, बिली लाँगर आणि पॅट्रिक कार्नेझिस व्हिक्टोरियाचे. सगळे विशी-एकविशीतले, सगळे लायन्सने ड्राफ्टमधून निवडून, खाऊपिऊ घालून तयार केलेले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘गो होम फाइव्ह’ असं नाव ठेवलं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या वर्तुळात हा किस्सा आजही सांगितला जातो, बहुतेक वेळा हसत. लायन्सच्या लोकांना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नसणार. पुढे यो वेस्ट कोस्टकडून २०१८चं विजेतेपद जिंकला आणि डोकर्टी कार्लटनचा सहकप्तान झाला. निवडणाऱ्यांची नजर पक्की होती. पोरं टिकत नव्हती, एवढंच.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना इथला हिशेब जरा विचित्र दिसतो. एएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या लीगमध्ये, खेळाडू पैसे मोजून विकत घेता येत नाही. ऑक्टोबरात ट्रेड होतात, ते खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टमधली निवड देऊन. नोव्हेंबरात ड्राफ्ट असतो आणि तळाच्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो. अठरा वर्षांच्या मुलाने कुठल्या शहरात जायचं हे ज्याने त्याचं नाव पुकारलं तो क्लब ठरवतो. मुलगा तिथे दोन वर्षं काढतो आणि मग त्याला घर आठवतं. बहुतेक खेळाडू मेलबर्न, ॲडलेड नाहीतर पर्थच्या आसपासचे. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड राज्यात मात्र लोकांचं प्रेम रग्बी लीगवर. म्हणजे घर सोडून आलेल्याला रस्त्यावर कुणी ओळखही देत नाही.

तसा घोळ त्याच्याही आधी सुरू झाला होता. २००१ ते २००३ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवलेला हा क्लब २००९मध्ये सहावा आला. एवढ्यावर समाधान नव्हतं. कार्लटनचा ब्रेंडन फेव्होला त्या वर्षी ८९ गोल मारून लीगमध्ये अव्वल ठरला होता, पण लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकाच्या रात्री त्याने दारू पिऊन जो तमाशा केला त्याने कार्लटनला त्याचा वीट आला होता. लायन्सने त्याच्यासाठी डॅनियल ब्रॅडशॉ आणि मायकल रिशिटेली ही नावं पुढे केली. विजेत्या संघात खेळलेला ब्रॅडशॉ! दोघांनीही नकार दिला. शेवटी लॅकी हेंडरसन आणि १२वी निवड देऊन फेव्होला आला. एक हंगाम खेळला आणि २०११च्या सुरुवातीला क्लबने त्याचा करार मोडला. ब्रॅडशॉ तोवर रागावून सिडनीला गेलेला, रिशिटेलीही वर्षभरात गोल्ड कोस्टला. एका माणसाच्या मोहात किती माणसं गेली ते मोजा. माझ्या मते गो होम फाइव्हची गोष्ट खरी इथे सुरू होते. आपल्याला केव्हाही बाजारात मांडतात हे कळलेल्या ड्रेसिंग रूममध्ये नवीन पोरगा मुळं कशी धरणार?

पाच पोरं गेल्यानंतरची तीन वर्षंही वाईटच. २०१३मध्ये सातव्या क्रमांकाने घेतलेला जेम्स आयश दोन हंगामांनी कॉलिंगवूडला गेला. २०१५मध्ये दुसऱ्या क्रमांकाने घेतलेला जॉश शाकी, तोही दोनच वर्षं राहिला. त्याचे वडील लॉरेन्स लायन्सच्याच पूर्वज क्लबकडून, ब्रिस्बेन बेअर्सकडून, खेळलेले होते, तरीही!

२०१६च्या अखेरीस क्रिस फेगन प्रशिक्षक म्हणून आला. पंचावन्न वर्षांचा, तस्मानियाचा, सर्वोच्च स्तरावर स्वतः एकही सामना न खेळलेला. हॉथॉर्नच्या विजेत्या वर्षांत पडद्यामागे राबलेला माणूस. त्याच्या पहिल्या ड्राफ्टमधली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. लायन्सने तिसऱ्या क्रमांकाला ह्यू मॅक्लगेज घेतला, १७व्याला जॅरड बेरी, २४व्याला सेड्रिक कॉक्स. तिघंही एकाच युवा क्लबचे, नॉर्थ बॅलराट रेबेल्सचे. परगावी शिकायला निघालेल्या पोराला गावातलाच खोलीतला सोबती मिळाला तर सुट्टीत परत येऊन ‘मी नाही जात’ म्हणण्याची शक्यता कमी होते. हा निव्वळ योगायोग होता असं मला वाटत नाही. दोन वर्षांनी बेरीचा धाकटा भाऊ टॉमही लायन्सनेच निवडला.

तरी २०१७मध्ये संघ तळालाच राहिला. पण त्याच वर्षी ल्यूक हॉज आला, आणि त्याची कथा सांगायची तर २००१मध्ये जावं लागतं. फ्रिमँटलने ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिनसाठी हॉथॉर्नला पहिली, २०वी आणि ३६वी निवड दिली. हॉथॉर्नने पहिलीवर हॉज घेतला आणि ३६वीवर सॅम मिचेल. दोघंही पुढे कप्तान झाले, दोघांच्याही नावावर चार-चार विजेतेपदं. वर क्रोड दोन वर्षांत हॉथॉर्नला परतला आणि २००८च्या विजेत्या संघात खेळला! मॅकफार्लिनने फ्रिमँटलची इमानेइतबारे सेवा केली हे खरं, पण फ्रिमँटलच्या गोटात हा विषय जपून काढावा.

तर हा हॉज ३०५ सामने खेळून निवृत्त झालेला. फेगनने आपल्या जुन्या ओळखीवर त्याला पुन्हा बूट चढवायला लावले. हॉथॉर्नला नाममात्र मोबदला गेला. तो ब्रिस्बेनकडून ४१ सामने खेळला, दोन हंगाम. मैदानात बचावफळीला जागेवर उभं करणं, कुणी कुठे सरकायचं ते ओरडून सांगणं हे त्याचं काम. तिशी ओलांडलेल्या माणसाला यादीत जागा देणं हे बांधणीच्या पुस्तकी नियमाविरुद्ध. इथे तो नियम मोडणंच शहाणपणाचं ठरलं.

मग बाहेरची माणसं येऊ लागली. ॲडलेडचा चार्ली कॅमरन, माउंट आयझामध्ये जन्मलेला, म्हणजे क्वीन्सलँडचाच. ॲडलेडला १२वी निवड देऊन तो घेतला. फेव्होलासाठीही बारावीच दिली होती, पण हा गडी टिकला. २०१८चा ऑक्टोबर तर नाट्यमय होता. कप्तानपद सोडलेला डेन बीम्स कॉलिंगवूडला परत निघाला. लायन्सने अडवून धरलं नाही, पण स्वस्तातही सोडलं नाही: कॉलिंगवूडची १८वी निवड आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड घेतली. त्याच दिवसांत फ्रिमँटलचा लॅकी नील इकडे आला. सहावी आणि १९वी अशा निवडी मोजाव्या लागल्या, तेव्हा अनेकांना सौदा महाग वाटला. नीलने २०२० आणि २०२३ अशी दोन ब्राउनलो पदकं आणली. गोल्ड कोस्टने यादीतून काढलेला जॅरिड लायन्स आणि जीलाँगमध्ये दुखापतींनी जेरीस आलेला लिंकन मॅकार्थी याच हंगामात आले, आणि दोघांनीही पुढच्या वर्षी जोरदार खेळ केला. २०१८मध्ये पाच सामने जिंकणारा संघ २०१९मध्ये सोळा जिंकून दुसरा आला. २०२०च्या शेवटी तर जो डॅनिहर आला, एसेंडनमध्ये बापाचा वारसा असलेला, आणि करार संपून मुक्त खेळाडू म्हणून आल्याने लायन्सला एकही निवड द्यावी लागली नाही.

आता खरा मजेशीर हिशेब. ज्या खेळाडूच्या वडिलांनी क्लबकडून शंभर सामने खेळलेत, त्याच्यावर क्लबचा पहिला हक्क. दुसऱ्या कुणी त्याचं नाव पुकारलं की त्या क्रमांकाच्या किमतीइतके गुण आपल्या निवडींतून भरायचे, तेही तेव्हा वीस टक्के सवलतीत. मार्कस ॲशक्रॉफ्ट ३१८ सामने खेळलेला, तीन विजेतेपदांचा मानकरी. त्याचा मुलगा विल २०२२च्या ड्राफ्टमध्ये उतरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर आलं. दुसऱ्या निवडीची किंमत २५१७ गुण, सवलतीनंतर साधारण २०१४. पस्तिसावी निवड ५२२ गुणांची. म्हणजे कुणाला फारशी नको असलेल्या पस्तिशीतल्या चार निवडी गोळा केल्या की त्या वर्षीचा सर्वोत्तम मुलगा हातात! लायन्सने ऑक्टोबरात नेमकं हेच केलं: मोठी नोट मोडून सुट्टे केले. त्याच ऑक्टोबरात बुलडॉग्जचा जॉश डंकली आणला, आणि ड्राफ्टमध्ये एड्रियन फ्लेचरचा मुलगा जॅस्पाही १२व्या क्रमांकावर घेतला. मेलबर्नचे क्लब चिडले. त्यांचं चिडणं अगदीच खोटं नव्हतं, पण नियम सगळ्यांसाठी एकच होता आणि याच क्लबचे शाकी, आयश हातातून जाताना कुणी हळहळलं नव्हतं.

२०२३ची अंतिम लढत कॉलिंगवूडकडून चार गुणांनी हरले. २०२४ला सिडनीला साठ गुणांनी हरवून जिंकले. त्या सामन्याआधी उपांत्य फेरीत ऑस्कर मॅकिनर्नीचा खांदा निखळला. रुकी ड्राफ्टमधून आलेला, क्लबचा मुख्य रकमन, म्हणजे उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच गडी. त्याच्या जागी डार्सी फोर्ट खेळला, जीलाँगकडून फारसा गाजावाजा न होता आणलेला. लिस्ट मॅनेजरचं, म्हणजे यादी बांधणाऱ्याचं, कसब पहिल्या क्रमांकाची निवड करण्यात कमी आणि असा राखीव गडी तीन वर्षं आधी घेऊन ठेवण्यात जास्त दिसतं. अंतिम सामन्याचा मानकरी विल ॲशक्रॉफ्ट. फेगन ६३व्या वर्षी विजेता प्रशिक्षक झाला, लीगच्या इतिहासातला सर्वांत वयस्कर.

एव्हाना लीगने सवलतीची कात्री धरली होती: २०२५पासून वीसऐवजी दहा टक्के. जुन्या दराने शेवटचा ड्राफ्ट झाला २०२४च्या नोव्हेंबरात. त्यात लायन्सने पाचव्या क्रमांकावर विलचा धाकटा भाऊ लेव्ही घेतला. पुढच्या सप्टेंबरात जीलाँगला ४७ गुणांनी हरवून ब्रिस्बेन पुन्हा जिंकलं तेव्हा दोघंही भाऊ मैदानात होते.